शकुनबाईची पारख

वलगावच्या शकुनबाईच्या दुकानात वांग्याला हात लावायची सोय नाही. दुकान म्हणजे काय, तर अमरावतीच्या इतवारा बाजारात रस्त्याच्या कडेला अंथरलेलं एक पोतं, डोक्यावर ताडपत्री, आणि पोत्यावर रचून ठेवलेली भरताची वांगी. गिऱ्हाईक वाकलं, त्यानं वांगं हातात घेतलं, इथपर्यंत ठीक. पण त्यानं अंगठा टेकवला रे टेकवला की शकुनबाई म्हणणार, "दाबू नोका. मी दाबून आणले." मग समोर कॉलेजातला प्रोफेसर असो नाही तर डाळ मिलच्या मालकाची बायको. नवी गिऱ्हाइकं जरा फुगायची. जुनी मात्र मुकाट्यानं पिशवी पुढं करायची, कारण शकुनबाईनं दाबून दिलेल्या वांग्यात अळी निघाली, असं बारा वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

दाबायचं काम सकाळी वावरातल्या टिनाच्या शेडखाली चालायचं. तोडलेली वांगी कॅरेटमध्ये यायची आणि शकुनबाई एकेक उचलून देठाजवळ अंगठा टेकवायची. एकदाच. दुसऱ्यांदा दाबायची तिला गरज पडत नसे. चांगलं वांगं उजवीकडे, ते इतवाऱ्यात जाणार. कीड लागलेलं डावीकडे, ते घरी जाणार. घरी त्यातला किडका भाग सुरीनं कापून काढायचा आणि उरलेल्याचं भरीत. ते भरीत असं होई की देवमन, म्हणजे शकुनबाईचा नवरा, म्हणायचा, चांगले वांगे लोकाईले इकते अन् चांगलं भरीत आपून खातो.

शेडखाली आणखी एक जण असायची, शकुनबाईची धाकटी जाऊ हर्षा. अकोल्याच्या डाबकी रोडवरची पोरगी, बी.ए. झालेली, लग्न होऊन चौदा वर्षं वलगावात. तिचं काम ओल्या फडक्यानं वांगी पुसायचं. शेडखाली यायला लागली त्या पहिल्याच वर्षी तिनं हौसेनं दोन वांगी दाबून बघितली होती. शकुनबाईनं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, तुले पारख नाई वं. झालं, तो त्या शेडखालचा कायदा झाला. हर्षानं कधी वाद घातला नाही. ती "हो बाई" म्हणायची आणि पुसत बसायची. पुसणाऱ्याचे हात कामात असले तरी डोळे मोकळे असतात, हे शकुनबाईच्या कधी ध्यानात आलं नाही.

आता खरी गोष्ट. दिवाळीच्या आधी आंघोळ करताना शकुनबाईच्या हाताला डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, एक गाठ लागली. बोराएवढी. टणक. दुखत नव्हती, खुपत नव्हती, कोणाच्या अध्यात ना मध्यात. शकुनबाईनं सवयीनं अंगठा टेकवला. बारा वर्षांत कधी न चुकलेल्या अंगठ्यानं एका क्षणात सांगितलं, कीड आहे. आणि शकुनबाईनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या अंगठ्याला खोटं ठरवलं. दुखत नाही ना, मग काही नाही, असं तिनं स्वतःला बजावलं आणि लुगडं नेसून वावरात गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दिवाळी गेली, तुरीला शेंगा धरल्या, संक्रांत आली, तरी शकुनबाईचं दाबणं चालूच. मनातून ती अशी भ्यायली होती की देवाच्या फोटोकडे बघायचीसुद्धा टाळायची, न जाणो तिथून काही उत्तर आलं तर. घरात सांगणार कोणाला? देवमनच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याला सकाळी सांगावं तर दुपारपर्यंत एस.टी.चा कंडक्टर शकुनबाईला विचारणार, काय म्हणते गाठ? आणि डॉक्टरकडे जावं तर अमरावतीतल्या अर्ध्या दवाखान्यांत तिची गिऱ्हाइकं. छातीची गाठ दाखवायला बसलेली शकुनबाई कोणी पाहिली, तर उद्या वांगी घेताना बाया तोंडाकडे कमी आणि छातीकडे जास्त बघतील. त्यापेक्षा वांग्याचा हंगाम आटपू दे, मग बघू, असं तिनं ठरवलं. हंगाम फाल्गुनापर्यंत चालतो. मग काहीतरी दुसरं निघालंच असतं.

संक्रांतीनंतर चार दिवसांनी शेडखाली वांगी पुसता पुसता हर्षा थांबली. म्हणाली, बाई, माझ्या छातीत दुखून राहिलं.

शकुनबाईच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. आधी तिच्या काळजात चर्र झालं, कारण जाऊ कितीही बिनपारखी असली तरी जीव होता तिच्यावर. आणि मग, माणसाचं मन किती चालू असतं पाहा, तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. मंडईत गाडीभर मालाची बोली लागते तेव्हा काय सगळी गाडी उपसतात? एक कॅरेट उघडायचं, वरची चार वांगी बघायची, की साऱ्या गाडीचा भाव ठरला. हर्षेला डॉक्टरकडे न्यायचं. आपण सोबत बसायचं, कान देऊन. डॉक्टरीण छातीबद्दल जे काय बोलेल, त्यात आपल्या गाठीचाही निकाल लागून जाईल. ना कोणाला दाखवायचं, ना सांगायचं. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय. इतकी झकास युक्ती आपल्याला तीन महिने कशी सुचली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

हर्षानंच अकोल्याचं नाव काढलं. तिची वहिनी तिथल्या डॉक्टर रुबीनाकडे जाते, बाई बाईला तपासते, लाज नाही. शकुनबाईला ते लगेच पटलं, कारण अकोल्यात तिची वांगी कोणी खात नव्हतं. देवमनला सांगितलं की हर्षेच्या माहेरी हुरडा खायला चाललो. तो म्हणाला, माह्यासाठी बी आणजा. घ्या, आता दवाखान्यातून हुरडा आणणं आलं.

अमरावती ते अकोला, एस.टी.त अडीच तास शकुनबाईचं प्रवचन चाललं. लाजू नको. लपवू नको. डॉक्टर आणि वकील, दोघांपुढं काही झाकून ठेवू नये. बडनेरा गेलं तेव्हा ती म्हणत होती की बायका दुखणं अंगावर काढतात आणि मग कपाळाला हात लावतात, अशा बायकांचा तिला भारी राग येतो. हे कोण सांगत होतं, तर तीन महिने गाठ पदराखाली घेऊन हिंडणारी. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, म्हणतात ते हेच. मूर्तिजापूर आलं तशी तिनं हर्षाला प्रश्न पाठ करायला दिले. विचार, गाठ असली अन् दुखत नसली तर काय? विचार, डाव्या बाजूला असली तर? काखेकडं असली तर?

"मले गाठ नाई ना बाई," हर्षा म्हणाली.

"नसू दे. इचाराले काय जाते?"

हर्षा खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती कापूस वेचून झालेली वावरं होती, पण बोरगावपर्यंत तिनं तोंड वळवलं नाही.

दवाखान्यात हर्षा काउंटरवर नाव-तक्रारीचा कागद करायला गेली आणि शकुनबाई बाकावर बसली. तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत निवडलेली चार वांगी, डॉक्टरसाठी. रिकाम्या हातानं कोणाकडे जाऊ नये, आणि फुकट ऐकायला जायचं असेल तर मुळीच जाऊ नये, असा तिचा हिशेब. भिंतीवर बाईच्या छातीचं भलंमोठं रंगीत चित्र लावलेलं होतं. शकुनबाईनं आजूबाजूला कोणी पुरुष नाही ना बघितलं आणि मग ते चित्र अगदी नीट पाहून घेतलं.

डॉक्टर रुबीना पन्नाशीच्या, चष्म्याला दोरी लावलेल्या, अकोल्यातच वाढलेल्या. त्यांनी हर्षाला समोर बसवलं आणि विचारायला लागल्या. दुखतं ते एका बाजूला की दोन्हीकडं? महिनाभर की पाळीच्या आधी? कुठं गाठ लागते का, बोंडातून पाणी, रक्त असं काही येतं का, कातडी कुठं ओढल्यासारखी दिसते का? आई, मावशी, बहीण, कोणाला छातीचा आजार होता का? हर्षा एकेक सांगत गेली. दोन्हीकडं, पाळीच्या आधी चार दिवस, पाळी आली की थांबतं, बाकी काही नाही. मग डॉक्टर तिला पडद्यामागं घेऊन गेल्या. शकुनबाई खुर्ची पडद्याजवळ सरकवून बसली.

बाहेर येऊन डॉक्टर म्हणाल्या, घाबरायचं काही नाही. पाळीच्या आधी असं दोन्हीकडं दुखणं पुष्कळ बायकांना असतं. आतल्या कपड्याचं माप बरोबर घ्या, फार दुखलं तर गोळी घ्या, आणि महिन्यातून एकदा पाळी झाल्यावर स्वतः हात फिरवून बघत जा. काही नवीन लागलं तर या. छातीचं नुसतं दुखणं हे बहुतेक वेळा साधं असतं. लोक दुखण्याला घाबरून येतात, आणि न दुखणाऱ्या गाठीला कोणी विचारत नाही, तीच आधी दाखवायला पाहिजे.

शेवटचं वाक्य त्यांनी हर्षाकडे बघून म्हटलं, पण लागलं ते खुर्चीत बसलेलीला. शितावरून भाताची परीक्षा झाली खरी, पण शीत शिजलेलं निघालं आणि भात कच्चा. तिनं घसा साफ केला. म्हणाली, मॅडम, समजा एखादीला गाठ असली, तर?

"कोणाला आहे?"

"आमच्या गल्लीत एक बाई हाय."

डॉक्टरांनी पेन उचललं. वय विचारलं. माझ्याएवढीच, एक्कावन्न, शकुनबाई म्हणाली. पाळी? दोन वर्षं झाली बंद होऊन. कोणत्या बाजूला? डाव्या, काखेकडं. किती मोठी? बोराएवढी, पण गावरान बोर, मोठं नव्हे. कधीपासून? दिवाळीच्या आधीपासून. दुखते? नाही. सरकते? नाही, जाग्यावरच बसली आहे. हर्षानं स्वतःबद्दलसुद्धा इतकी पटापट उत्तरं दिली नव्हती.

"बाई फार जवळची दिसते तुमच्या," डॉक्टर म्हणाल्या. "घेऊन या तिला."

ती नाही यायची, लई लाजरी आहे, शकुनबाईनं सांगितलं. तुम्ही काय ते मला सांगा, मी तिला निरोप देते. आणि विषय बदलावा म्हणून तिनं पिशवी टेबलावर ठेवली, वावरातली वांगी आहेत, तुमच्यासाठी. डॉक्टरांनी एक वांगं काढलं, बघितलं, वा म्हणाल्या आणि त्यांचा अंगठा देठाजवळ गेला.

"दाबू नोका," शकुनबाईच्या तोंडून निघून गेलं. "मी दाबून आणले."

डॉक्टर हसल्या. वांगं खाली ठेवून म्हणाल्या, "साधं वांगं तुमी दाबल्याबिगर कोणाले देत नाई. अन् मी त्या बाईले पाह्यल्याबिगर निरोप देऊ?" आणि त्यांनी हर्षाच्या कागदाखालचा दुसरा कागद वर काढला. त्यावर लिहिलं होतं, शकुन देवमन, वय एक्कावन्न, राहणार वलगाव, तक्रार डाव्या बाजूला गाठ.

शकुनबाईनं कागद वाचला. मग हर्षाकडे बघितलं. तिचा राग आधी मानेवर आला, मग कानांवर. म्हणजे काउंटरवर हिनं दोन कागद केले होते. म्हणजे हिला माहीत होतं. म्हणजे हे दुखणंबिखणं सगळं नाटक आणि आपल्याला अकोल्याला फसवून आणलं, असं काहीबाही ती बोलून गेली. डॉक्टर चष्मा पुसत बसल्या. हर्षानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा "हो बाई" न म्हणता बोलली.

"नाटक नाई. पाळीच्या आधी दुखते मले, पयल्यापासून दुखते. तुमाले आत्ताच काहून सांगतलं, ते इचारा." तिनं पदराचं टोक सोडलं. "वांगं तुमी एकदा दाबता. एकदाच. अन् टाकता इकडं का तिकडं. दिवाळीपासून मी पाहून राहिली, तुमचा हात पदराखाली जाते, थांबते, अन् मांगं येते. तीन महिने एकच जागा दाबून राहिल्या तुमी, बाई. तुमाले कळलं नसतं तं एवढ्यांदा दाबलं नसतं. तुमाले सांगतलं असतं, चाला दवाखान्यात, तं आल्या असत्या? दुसऱ्या कोणाले नेऊन आनाचं म्हनलं की तुमी कवाबी तयार."

शकुनबाईला वाटत होतं शेडखाली पारख करणारी एकच आहे, आणि इथं तीन महिने तिचीच पारख होत होती. ती उठली, लुगडं सावरलं आणि स्वतःच पडद्यामागं गेली.

डॉक्टरांनी आधी तिला बसवून बघितलं. हात कमरेवर ठेवा, आता वर करा, पुढं वाका. मग आडवं करून, हात डोक्याखाली घ्यायला लावून, बोटांची पेरं सपाट टेकवून गोलगोल फिरवत सगळी छाती तपासली, आधी बरी बाजू, मग गाठीची, मग दोन्ही काखा आणि गळ्याखालची हाडं. शकुनबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. इतवाऱ्यात गिऱ्हाईक तिच्या तोंडाकडे कसं बघतं, हे तिला आता कळलं. तोंडावर काही दिसलं नाही तेव्हा तिनं विचारून टाकलं, कीड आहे का?

डॉक्टर म्हणाल्या, हाताला काय वाटतं ते एक, फोटोत काय दिसतं ते दुसरं, सुईनं तुकडा काढून बघितल्यावर काय निघतं ते तिसरं. तिघांची साक्ष झाल्याशिवाय मी बोलत नसते. बहुतेक गाठी साध्या निघतात, पण हातानं ठरवायचं नाही. शकुनबाईला हे मनापासून पटलं नाही. एवढी शिकलेली बाई आणि स्वतःच्या बोटांवर विश्वास नाही, असं तिच्या मनात आलं. पण तिनं मान डोलावली, कारण तिचा स्वतःचा अंगठा तीन महिने तिला जे सांगत होता, ते खोटं निघावं एवढीच तिची इच्छा होती.

फोटोच्या खोलीत मोनाली नावाची तरतरीत मुलगी होती. तिनं मशीनजवळ उभं केलं आणि म्हणाली, काकू, जरा दाबावं लागेल, थोडं दुखेल, श्वास रोखा. वरची पाटी खाली आली. बारा वर्षं साऱ्या अमरावतीला दाबू नका म्हणणारी शकुनबाई त्या दोन पाट्यांमध्ये अशी सापडली की तिला बोलायलाही श्वास उरला नाही. एकदा वरून, एकदा बाजूनं, दोन्हीकडं. बाहेर येऊन ती हर्षाला म्हणाली, गिऱ्हाइकानं वांगं असं दाबलं असतं तर मी त्याचा हातच मोडला असता. मग थंड मलम लावून सोनोग्राफी झाली.

सुईच्या वेळी मात्र ती अडून बसली. सुई टोचली की गाठ पसरते, हे तिनं वलगावात शंभरदा ऐकलं होतं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की सुईनं गाठ पसरत नाही. गाठ अंगावर काढली, तर पसरते. हे बोलणं टोचलं, पण योग्य जागी टोचलं. त्यांनी जागा बधिर केली, टक् टक् असा आवाज झाला, आणि उदबत्तीच्या काडीएवढे बारीक तुकडे बाटलीत गेले. रिपोर्ट आठ दिवसांनी. दोघींनी स्टँडजवळ देवमनसाठी हुरडा घेतला आणि परतीची गाडी पकडली. प्रवचन झालं नाही. मूर्तिजापूर गेल्यावर शकुनबाईनं हर्षाच्या खांद्याला डोकं टेकलं.

घरी आल्यावर तिनं देवमनला सगळं सांगून टाकलं. आता कंडक्टरला कळलं तरी चालेल, असं तिला वाटलं होतं. देवमन हुरडा खाता खाता थांबला. आणि त्या आठ दिवसांत, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, त्याच्या तोंडात तीळ भिजला. त्यानं एका माणसाला एक शब्द सांगितला नाही. फक्त रोज सकाळी तोडणीला तो शकुनबाईच्या आधी उठून जायला लागला.

सहाव्या दिवशी इतवाऱ्यात एक घटना घडली. अमरावतीच्या कॅम्प भागातल्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या, पिशवीतून अर्धं चिरलेलं वांगं काढलं आणि पोत्यावर ठेवलं. आत अळी होती, चांगली गुबगुबीत. शकुनबाईनं दुसरं वांगं दिलं, वर आणखी एक दिलं. मान वर केली नाही. बाजूला बसलेल्या हर्षानं ते चिरलेलं वांगं हळूच उचलून पोत्याखाली सरकवलं. दोघींनाही ठाऊक होतं की अंगठ्याचं लक्ष वांग्यात नव्हतं.

नवव्या दिवशी त्या पुन्हा अकोल्याला गेल्या. डॉक्टर रुबीनांनी रिपोर्ट आधीच वाचलेला होता. त्यांनी दोघींना बसवलं, स्वतःची खुर्ची टेबलाच्या पलीकडून उचलून अलीकडे आणली आणि सरळ सांगितलं. तिन्ही साक्षी एकच सांगतात. कॅन्सर आहे. लहान आहे. काखेत गेलेला दिसत नाही, तरी ऑपरेशनच्या वेळी तिथल्या एक-दोन ग्रंथी काढून तपासून बघू. पुष्कळ लवकर सापडला.

पुढचं काही शकुनबाईला ऐकू आलं नाही. तिला एवढंच कळलं की अंगठा याही वेळी चुकला नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलंसुद्धा नाही. हर्षानं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. मग शकुनबाईनं विचारलं, "पुरंच काढून फेका लागते का?"

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. त्यांनी विचारलं, "वांग्याले कीड लागली तं तुमी काय करता? फेकता?"

आता वांग्याबद्दल विचारल्यावर शकुनबाई कशी खोटं बोलणार. "नाई," ती म्हणाली. "इकत नाई. पन फेकत बी नाई. तेवढं कापून काढतो, अन् बाकीच्याचं भरीत करतो."

"मंग?" डॉक्टर म्हणाल्या. "मले बी तेच कराचं हाय. गाठ अन् आजूबाजूचं थोडं. मंग काही दिवस मशीनचा शेक, रेडिएशन म्हनते त्याले, अन् गोळ्या. पुढच्या हंगामात वांगे घेऊन या. सहा महिन्यांनी आल्या असत्या, तं मी हे इतक्या सोप्या तोंडानं सांगतलं नसतं." आणि हर्षाकडे बघून म्हणाल्या, "यांनी टायमावर आणलं तुमाले."

रडता रडता शकुनबाईला हसू आलं. भरीत म्हणे. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ऑपरेशनची तारीख विचारली. त्या दिवशी दवाखान्यात तिनं काउंटरवर आपलं नाव स्वतः सांगितलं, चार माणसं ऐकत होती तरी.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी टिनाच्या शेडखाली नेहमीसारखी कॅरेटं आली. हर्षा ओलं फडकं घेऊन बसली. शकुनबाईनं फडकं तिच्या हातातून काढून घेतलं आणि कॅरेट तिच्यापुढं सरकवलं. म्हणाली, घे, तू दाब. हर्षा म्हणाली, बाई, मले पारख नाई. शकुनबाई म्हणाली, जास्त बोलू नको.

हर्षानं एकेक वांगं उचलून देठाजवळ अंगठा टेकवला. एक उजवीकडे, एक डावीकडे. शकुनबाई फडक्यानं पुसत होती. मधेच हर्षानं एक जबरदस्त वांगं, तुकतुकीत, जांभळंशार, डावीकडे टाकलं. शकुनबाईचा जीव वरखाली झाला. असं वांगं कोणी घरी ठेवतं? तिनं ते उचललं, अंगठा देठापर्यंत नेला. आणि मग न दाबताच पुन्हा डावीकडे ठेवून दिलं.

दहा वाजता इतवाऱ्यात पोतं अंथरलं. कॅम्पातल्या त्याच बाई आल्या, गेल्या वेळच्या अळीची आठवण अजून ताजी होती. त्यांनी एक वांगं उचललं, शकुनबाईकडे बघितलं आणि मुद्दाम अंगठा पुढं केला.

"दाबू नोका," शकुनबाई म्हणाली. "हर्षेनं दाबून आणले."